अभिजात पिकअप ट्रक आणि ट्रेलरवहन : गिअरबॉक्सच्या निवडीचे विवेचन

सारांश

जुन्या अमेरिकी पिकअप ट्रकचे पुनरुज्जीवन करून त्याचा ट्रेलर ओढण्यासाठी उपयोग करावयाचा झाल्यास गिअरबॉक्स कोणता बसवावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हौशी मंडळींचा वाटतो. वस्तुतः त्यात यंत्रशास्त्र, उष्णताशास्त्र, अर्थकारण आणि वारसा-जतन अशा अनेक विषयांचा संबंध येतो. प्रस्तुत लेखात १९६७ ते १९७२ या काळातील शेव्रोले सी-मालिकेतील ट्रक उदाहरणादाखल घेऊन, गिअरबॉक्सची निवड गिअरांच्या संख्येवरून न करता भार, मागील आसाचे गुणोत्तर आणि उष्णतेचे नियोजन या तीन गोष्टींवरून करावी, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : गिअर गुणोत्तर, टॉर्क कन्व्हर्टर, ओव्हरड्राइव्ह, मागील आस, ट्रेलर, उष्णता.

१. प्रस्तावना

अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने १९६७ ते १९७२ या वर्षांत शेव्रोले सी-१०, सी-२० आणि सी-३० या नावांनी जे पिकअप ट्रक बाजारात आणले, त्यांना आज अभिजात वाहनांचा दर्जा प्राप्त झाला आहे. सी-१० हा नाममात्र अर्धा टन, सी-२० पाऊण टन, तर सी-३० एक टन वर्गातील ट्रक होय. शेतमालाची ने-आण करणारे हे वाहन याच काळात अमेरिकी कुटुंबाच्या सुट्टीचेही साधन बनले. मागे नौका किंवा राहण्याचा ट्रेलर जोडून पर्वतप्रदेशात जाण्याची प्रथा रूढ झाली. आज या ट्रकांचे अनेक मालक ते केवळ प्रदर्शनात न मांडता पुन्हा कामास जुंपू इच्छितात, आणि येथेच मूळ गिअरबॉक्सच्या मर्यादा जाणवू लागतात.

या मर्यादांमागे रस्त्यांचा इतिहास आहे. अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या उभारणीला गती मिळाली. परंतु १९७४ मध्ये तेलसंकटाच्या पार्श्वभूमीवर देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली. ती १९८७ मध्ये अंशतः शिथिल झाली आणि १९९५ मध्ये रद्द झाली. त्यानंतर अनेक राज्यांत ताशी ७० मैल व त्याहून अधिक वेगास मुभा मिळाली. ज्या ट्रकचा सर्वांत वरचा गिअर इंजिनाच्या आणि प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्यांत एकास एक प्रमाण ठेवतो, त्याचे इंजिन अशा वेगाला सतत ओरडत राहते. म्हणून ‘ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स बसवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आणि मागे दीड-दोन टनांचा ट्रेलर असताना अपुरा सल्ला महागात पडू शकतो.

२. गुणोत्तरांची भाषा

गिअर गुणोत्तर म्हणजे इंजिनाकडून येणारे फेरे आणि गिअरबॉक्समधून बाहेर पडणारे फेरे यांचे प्रमाण. गुणोत्तर २.४८ असेल तर इंजिनाचे २.४८ फेरे झाल्यावर प्रोपेलर शाफ्टचा एक फेरा होतो; वेग तेवढ्या पटीने घटतो आणि टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, जवळपास तेवढ्याच पटीने वाढतो. त्यानंतर मागील आसातील दातेरी चाके आणखी एकदा असेच रूपांतर करतात. चाकापाशी पोहोचणारा जोर हा या दोन्हींच्या गुणाकारावर अवलंबून असतो. मागील आसाचा विचार न करता केवळ गिअरबॉक्सची चर्चा करणे म्हणजे समीकरणाची एकच बाजू वाचण्यासारखे आहे.

गुणोत्तर एकपेक्षा कमी असेल, उदाहरणार्थ ०.७०, तर त्यास ओव्हरड्राइव्ह म्हणतात. त्या स्थितीत प्रोपेलर शाफ्ट इंजिनापेक्षा अधिक वेगाने फिरतो. इंजिनाचे फेरे कमी होतात, आवाज व इंधन वाचते. परंतु त्याच प्रमाणात चाकाकडे जाणारा जोरही घटतो. निसर्ग येथे काहीही फुकट देत नाही.

३. चढाचे गणित

सपाट रस्त्यावर कोणताही गिअरबॉक्स चांगला वाटतो. त्याची खरी परीक्षा चढावर होते. म्हणून एक उदाहरण सोडवून पाहणे उद्बोधक ठरेल. ट्रक व ट्रेलर मिळून वस्तुमान ३,६०० किलोग्रॅम, चढ ६ टक्के (म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ६ मीटर उंची), वेग ताशी ८० किलोमीटर आणि टायरचा व्यास २९ इंच मानू.

गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २,१२० न्यूटन, टायरांच्या घर्षणाविरुद्ध सुमारे ४२० न्यूटन आणि हवेच्या विरोधापोटी, ट्रेलरचा आकार लक्षात घेता, सुमारे ८९० न्यूटन इतके बल लागेल. एकूण बल सुमारे ३,४३० न्यूटन आणि चाकापाशी लागणारी शक्ती सुमारे ७६ किलोवॅट होईल. वाटेतील १५ टक्के हानी गृहीत धरल्यास इंजिनाला सुमारे ९० किलोवॅट, म्हणजे अंदाजे १२० अश्वशक्ती, सतत पुरवावी लागेल.

आता मागील आसाचे गुणोत्तर ३.७३ मानून ही शक्ती वेगवेगळ्या गिअरमध्ये कशी मिळवावी लागते ते पाहू.

तक्ता क्र. १ : ६ टक्के चढावर, ताशी ८० किमी वेगाला इंजिनावरील मागणी

| गिअर गुणोत्तर | इंजिनाचे मिनिटाला फेरे | लागणारा टॉर्क (न्यूटन-मीटर) |
|---|---|---|
| ०.७० (ओव्हरड्राइव्ह) | १,५०५ | ५६९ |
| १.०० (तिसरा) | २,१५० | ३९८ |
| १.४८ (दुसरा) | ३,१८० | २६९ |

या ट्रकांत लोकप्रिय असलेले ३५० घन इंची, म्हणजे ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन मूळ अवस्थेत प्रत्यक्ष साधारण ३७० न्यूटन-मीटर टॉर्क देते. (येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १९७१ पर्यंत अमेरिकी कंपन्या पंखा, सायलेन्सर इत्यादी उपांगे वगळून मोजलेली ढोबळ शक्ती जाहीर करीत. १९७२ पासून निव्वळ शक्ती जाहीर होऊ लागली. त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांतील आकडे जसेच्या तसे वापरता येत नाहीत.) तक्त्यावरून स्पष्ट दिसते की ओव्हरड्राइव्हमध्ये हा चढ चढणे अशक्य आहे. तिसऱ्या गिअरमध्ये मागणी इंजिनाच्या कुवतीच्या किंचित पलीकडे जाते. दुसऱ्या गिअरमध्ये मात्र इंजिन मोकळेपणाने काम करते.

उंचीचाही प्रश्न आहे. कोलोरॅडो राज्यात १९७३ मध्ये खुला झालेला आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. कार्ब्युरेटर असलेल्या साध्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्क्यांनी घटते, असा व्यवहारातील नियम आहे. त्यानुसार तेथे पोहोचेपर्यंत जवळपास एक तृतीयांश शक्ती नाहीशी झालेली असते आणि दुसरा गिअरही जेमतेम पुरतो. तात्पर्य, ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचे आयुष्य ज्या गिअरमध्ये जाते तो सर्वांत वरचा गिअर नव्हे. निवड करताना चढावर वापरला जाणारा गिअर किती भक्कम आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

४. उष्णता : अदृश्य शत्रू

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि गिअर यांना जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर तेलाच्या प्रवाहाद्वारे शक्ती पोहोचवतो. या जोडणीत काही प्रमाणात घसरण होतेच, आणि घसरणीत गमावलेली शक्ती तेलात उष्णतेच्या रूपाने जमा होते. वरील उदाहरणात कन्व्हर्टरमध्ये ८ टक्के घसरण झाली असे मानले, तर सुमारे ७ किलोवॅट उष्णता निर्माण होईल. घरगुती वापराचे दोन किलोवॅटचे तीनहून अधिक गिझर गिअरबॉक्समधील काही लिटर तेलात एकाच वेळी चालू ठेवावेत, असा हा प्रकार आहे.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी असतात, म्हणून यंत्रावर ताण कमी पडतो’ असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात कमी फेऱ्यांना अधिक टॉर्क मागितला की कन्व्हर्टर अधिक घसरतो आणि तेल अधिक तापते. खालचा गिअर टाकला तर फेरे वाढतात, टॉर्कची मागणी कमी होते, घसरण कमी होते, शिवाय इंजिनाचा पाण्याचा पंप व पंखा अधिक वेगाने फिरून थंडावाही वाढतो. इंजिनाचा वाढलेला आवाज कानाला त्रासदायक वाटला तरी यंत्राच्या दृष्टीने तो आरोग्याचे लक्षण असतो.

गिअरबॉक्सचे तेल साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. ते वारंवार १२० अंशांच्या पुढे गेले तर तेलाचे गुणधर्म झपाट्याने नष्ट होतात, आत चिकट थर साचतो, रबरी सील कडक होतात आणि अखेरीस क्लचपट्ट्या जळतात. म्हणून रेडिएटरमधील मूळ शीतकाव्यतिरिक्त रेडिएटरच्या पुढे स्वतंत्र तेलशीतक बसवणे आणि चालकासमोर तेलाच्या तापमानाचा मापक ठेवणे, या दोन गोष्टी ऐच्छिक नसून अनिवार्य मानाव्यात. नव्या गिअरबॉक्सच्या तुलनेत त्यांचा खर्च क्षुल्लक आहे.

५. उपलब्ध पर्याय

शेव्रोलेच्या या व्ही-८ इंजिनाच्या मागील बाजूस गिअरबॉक्स बसवण्याची छिद्ररचना कंपनीने अनेक दशके कायम ठेवली. त्यामुळे पुढील काळातील गिअरबॉक्सही या जुन्या ट्रकांत बसू शकतात. प्रमुख पर्याय पुढीलप्रमाणे आहेत.

तक्ता क्र. २ : प्रमुख गिअरबॉक्स व त्यांची गुणोत्तरे

| गिअरबॉक्स | आरंभ | प्रकार | गुणोत्तरे |
|---|---|---|---|
| टीएच-४०० | १९६४ | ऑटोमॅटिक | २.४८, १.४८, १.०० |
| एसएम-४६५ | १९६८ | मॅन्युअल | ६.५५, ३.५८, १.७०, १.०० |
| टीएच-३५० | १९६९ | ऑटोमॅटिक | २.५२, १.५२, १.०० |
| ७००-आर-४ | १९८२ | ऑटोमॅटिक | ३.०६, १.६३, १.००, ०.७० |
| ४एल८०-ई | १९९१ | ऑटोमॅटिक, इलेक्ट्रॉनिक | २.४८, १.४८, १.००, ०.७५ |

टीएच-३५० हा आकाराने लहान, दुरुस्तीस सोपा आणि सुट्या भागांच्या दृष्टीने सुलभ आहे. हलक्या कामासाठी तो पुरेसा होय. टीएच-४०० मात्र मुळातच अवजड वाहनांसाठी घडवलेला आहे. रोल्स-रॉइससारख्या मोटारींनी तो स्वीकारला आणि अमेरिकी सैन्याच्या हम्वी या वाहनातही त्याचा वापर झाला, यावरून त्याच्या दणकटपणाची कल्पना यावी. त्याचा एकमेव मोठा दोष म्हणजे ओव्हरड्राइव्हचा आणि कन्व्हर्टर-लॉकचा अभाव.

७००-आर-४ चे आकर्षण उघड आहे. ३.०६ हा पहिला गिअर ट्रेलरला जागेवरून हलवण्यास उत्तम, तर ०.७० हा चौथा गिअर रिकाम्या प्रवासात सुखद. शिवाय त्यातील कन्व्हर्टर लॉक होत असल्याने घसरण थांबते. परंतु त्यात तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, पहिल्या व दुसऱ्या गिअरमधील अंतर मोठे आहे. गिअर बदलताच इंजिनाचे फेरे जवळपास निम्म्यावर येतात आणि चढावर गाडी दम टाकते. दुसरी, तिसऱ्या व चौथ्या गिअरचा भार पेलणारा क्लचसंच हे त्याचे सर्वज्ञात दुर्बळ स्थान आहे, आणि ट्रेलर ओढताना हाच संच सर्वाधिक राबतो. तिसरी, कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी थ्रॉटल केबल तेलाचा अंतर्गत दाब ठरवते. ही केबल चुकीच्या मापाने बसवली तर दाब कमी पडून नवाकोरा गिअरबॉक्सही अल्पावधीत जळू शकतो. योग्य बांधणी, योग्य केबल आणि हलका ट्रेलर असेल तर ७००-आर-४ समाधानकारक सेवा देतो. अवजड ट्रेलरसाठी मात्र तो प्रथम पसंतीचा ठरू नये.

४एल८०-ई या नावातच त्याचे वर्णन आहे : चार गिअर, लांबीच्या दिशेने बसणारा, ८० या सामर्थ्यश्रेणीचा आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा. तो टीएच-४०० चाच वंशज असून त्यात ओव्हरड्राइव्ह व कन्व्हर्टर-लॉक यांची भर पडली आहे. ट्रेलर ओढण्यासाठी आवश्यक ते जवळपास सर्व गुण त्याच्यात एकत्र आढळतात. त्याची किंमत मात्र अन्य रूपाने मोजावी लागते. तो लांब व जड आहे, चौकटीतील आधारपट्टा सरकवावा लागतो, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलावी लागते आणि कार्ब्युरेटरच्या इंजिनासोबत तो चालवण्यासाठी स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रक व सेन्सर बसवावे लागतात.

मॅन्युअल पर्यायांपैकी एसएम-४६५ चा ६.५५ हा पहिला गिअर शेतातील संथ कामासाठी किंवा नौका पाण्याबाहेर काढण्यासाठी अतुलनीय आहे. रस्त्यावर सहसा दुसऱ्या गिअरमधूनच निघावे लागते. त्यात कन्व्हर्टर नसल्याने तेल तापण्याचा प्रश्न जवळपास उरत नाही. मात्र वरचा गिअर एकास एकच राहतो. १९९० च्या दशकातील एनव्ही-४५०० या पाच गिअरांच्या गिअरबॉक्समध्ये, त्याच्या नंतरच्या आवृत्तीत, ५.६१ चा पहिला आणि ०.७३ चा पाचवा गिअर असल्याने ही उणीव भरून निघते.

याखेरीज टीएच-४०० कायम ठेवून त्याच्या मागे स्वतंत्र साहाय्यक ओव्हरड्राइव्ह जोडण्याचा मार्गही उपलब्ध आहे. अशा साधनाचे गुणोत्तर ०.७८ असल्यास दुसऱ्या व तिसऱ्या गिअरच्या मधे १.१५ असा आणखी एक गिअर मिळतो. आपल्या उदाहरणात त्यावर इंजिनाचे फेरे सुमारे २,४८० आणि टॉर्कची मागणी सुमारे ३४५ न्यूटन-मीटर होते, म्हणजे तिसऱ्या गिअरला न झेपणारा चढ समुद्रसपाटीलगतच्या प्रदेशात दुसऱ्यावर न उतरता पार करता येतो.

६. मागील आसाशी सांगड

ओव्हरड्राइव्ह आणि मागील आस यांची सांगड न घातल्यास झालेला खर्च वाया जातो. ताशी ६० मैल वेगाला ३.०७ च्या आसासह ०.७० चा ओव्हरड्राइव्ह वापरल्यास इंजिनाचे फेरे केवळ १,४९० च्या आसपास येतात. ट्रेलर असताना या स्थितीत इंजिन गुदमरते, गिअरबॉक्स सतत तिसऱ्या-चौथ्यात हेलकावे खातो आणि तेल तापते. याउलट ४.१० च्या आसासह एकास एक गिअरमध्ये फेरे २,८५० होतात आणि ०.७५ च्या ओव्हरड्राइव्हमध्ये २,१४०. म्हणजे ट्रेलर असताना तिसरा आणि रिकामे असताना चौथा, असे दोन्ही गिअर अर्थपूर्ण ठरतात. ३.७३ चा आस हा या दोहोंमधील समतोल पर्याय होय. ज्याच्या ट्रकला ३.०७ चा आस आहे त्याने गिअरबॉक्सआधी आसाचा विचार करावा. अनेकदा तेवढ्यानेच निम्मे काम होते.

७. उतार आणि सुरक्षितता

चढ न झेपल्यास वाहन मंदावते. उतार न झेपल्यास जीव धोक्यात येतो. लांब उतारावर केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापून निकामी होतात. म्हणून इंजिनाच्या प्रतिरोधाचा उपयोग करावा लागतो आणि तो खालच्या गिअरमध्येच प्रभावी ठरतो. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा’ हा आपल्याकडील चालकांना परिचित असलेला नियम रॉकी पर्वतातही तितकाच खरा आहे. ओव्हरड्राइव्हमध्ये उतार उतरणे हे न्यूट्रलमध्ये उतरण्याचेच सौम्य रूप होय.

या संदर्भात हेही नमूद केले पाहिजे की शेव्रोलेच्या या हलक्या ट्रकांना पुढील चाकांचे डिस्क ब्रेक १९७१ पासून नियमितपणे मिळू लागले. त्याआधीच्या ट्रकांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. अशा ट्रकमध्ये प्रथम ब्रेक सुधारणे, ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असणे आणि मगच गिअरबॉक्सकडे वळणे हा क्रम योग्य होय. भक्कम गिअरबॉक्स बसवल्याने चौकट, स्प्रिंग, आस व ब्रेक यांची क्षमता वाढत नाही. वाहनाची भारमर्यादा तीच राहते.

८. मूळ रूप आणि उपयुक्तता

अभिजात वाहनाचा मालक हा एका अर्थाने वारशाचा विश्वस्त असतो. चौकट कापून, केबिनचा तळ ठोकून केलेला बदल पुन्हा पूर्ववत करता येत नाही. नटबोल्टांनी बसणारा, मूळ भाग जपून ठेवून कधीही उलटवता येणारा बदल हा जतनाच्या दृष्टीने श्रेयस्कर ठरतो. या निकषावर त्याच काळातील टीएच-४०० सर्वांत निर्दोष, तर ४एल८०-ई सर्वांत आक्रमक ठरतो. वर्षातून दोनदा हलकी नौका ओढणाऱ्याने दुसऱ्या मार्गाचा खर्च आणि हानी पत्करण्याचे कारण नाही. दर उन्हाळ्यात कुटुंबासह पर्वत ओलांडणाऱ्याच्या बाबतीत मात्र सुरक्षितता मूळ रूपापेक्षा निश्चितच वरचढ आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) सपाट प्रदेश व सुमारे एक टनापर्यंतचा ट्रेलर असल्यास सुस्थितीतील टीएच-३५० किंवा काळजीपूर्वक बसवलेला ७००-आर-४ पुरेसा आहे. मात्र ७००-आर-४ असल्यास ट्रेलर तिसऱ्या गिअरमध्येच ओढावा.

(२) ट्रेलर जड आणि प्रदेश डोंगराळ असल्यास ४एल८०-ई, अथवा मूळ रूप जपावयाचे असल्यास साहाय्यक ओव्हरड्राइव्हसह टीएच-४००, हे योग्य पर्याय होत.

(३) संथ व अवजड कामासाठी एसएम-४६५ आणि त्यासोबत महामार्गाचा प्रवासही असल्यास एनव्ही-४५०० विचारात घ्यावा.

(४) कोणत्याही पर्यायात मागील आसाचे गुणोत्तर आधी निश्चित करावे. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असल्यास स्वतंत्र तेलशीतक व तापमापक अवश्य बसवावेत.

अध्यापनाच्या दृष्टीनेही हे उदाहरण उपयुक्त आहे. कार्य, शक्ती, टॉर्क आणि उष्णता या संकल्पना पाठ्यपुस्तकात स्वतंत्र प्रकरणांत विभागलेल्या असतात. एका जुन्या ट्रकच्या चढणीत त्या सर्व एकाच वेळी भेटतात, आणि त्यांपैकी एकीकडे जरी दुर्लक्ष झाले तरी त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते.